वनस्पतीपेशीचे पटल: काय कुठे असते आणि तिथेच का राहते

बीट सोलून चिरले आणि फोडी पाण्यात टाकल्या, की पाणी लगेच लाल होते. ते पाणी ओतून देऊन फोडी दोन-तीनदा खळबळून धुतल्या, की लाली उतरणे जवळजवळ थांबते. सुरीखाली ज्या पेशी फाटल्या त्यांचा रंग वाहून गेलेला असतो. बाकीच्या पेशींमधला रंग जिथल्या तिथे असतो आणि फोडी तासभर गार पाण्यात राहिल्या तरी तो फारसा बाहेर येत नाही. आता त्याच फोडी पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवाव्यात. पाणी पन्नास-साठ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की फोडींभोवती रंग पसरू लागतो आणि उकळी फुटेपर्यंत सगळे पाणी गडद होते. गंमत अशी, की फोडींचा आकार आणि कडा अजून शाबूत असतात. पेशींच्या भिंती पडलेल्या नाहीत; भिंतींच्या आत असलेले, त्यांच्याहून कितीतरी नाजूक असे काहीतरी मोडले आहे. ते म्हणजे पटल. पेशीपटलाची जाडी साधारण सात ते दहा नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा हजार पटले एकावर एक मावतील.

शाळेच्या पुस्तकात हे पटल पेशीभोवती काढलेल्या एका रेषेने दाखवलेले असते, आणि त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीचे चित्र उभे राहते, सगळीकडून सारखी आणि आतला माल सांडू न देणे एवढेच काम असलेली. वनस्पतींच्या बाबतीत हे चित्र फसवे आहे. त्यांच्या पटलाला पुढचे दार असते, परसदार असते, मध्ये कुंपण असते, चालते कारखाने असतात आणि शेजारच्या घरात थेट उघडणारे बोळही असतात. पटल कशाचे बनले आहे हे कळले म्हणजे निम्मेच कळले; त्यावर कोणती वस्तू नेमकी कुठे आहे आणि ती तिथेच कशी टिकते, हा उरलेला निम्मा भाग अधिक रंजक आहे.

पेशीला असे पटल असले पाहिजे, हे ते कोणी डोळ्यांनी पाहण्याच्या फार आधी कळले, आणि ते बरेचसे वनस्पतींमुळेच कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिचमध्ये काम करणारा चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन हा शास्त्रज्ञ मुळांवरचे मूलरोम आणि शैवालाच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत बुडवून पाहत असे. शेकडो पदार्थ तपासल्यावर त्याच्या ध्यानात आले, की तेलात सहज विरघळणारे पदार्थ पेशीत झटकन शिरतात आणि साखरेसारखे, पाण्यात विरघळणारे पदार्थ बाहेरच अडून राहतात. पेशीची सीमा तेलासारख्या, म्हणजे मेदासारख्या द्रव्याची असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला. पुढे 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी रक्ताच्या तांबड्या पेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर पसरवला आणि त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते, असे दाखवले. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या आणि त्या दोन्ही एकमेकींना खोडून गेल्या, त्यामुळे उत्तर मात्र बरोबर आले: पटल दुपदरी आहे.

दुपदरी असण्याचे कारण मेदरेणूंच्या स्वभावात आहे. अशा रेणूला पाण्याची आवड असलेले एक डोके आणि पाण्याचा तिटकारा असलेल्या दोन शेपट्या असतात. पाण्यात पडले, की हे रेणू कोणी न सांगता दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे तोंड करून मध्ये. या दुपदरी थरात प्रथिने रुतलेली असतात आणि पाणी, क्षार, साखर, संदेश यांची ये-जा बहुतांशी तीच सांभाळतात. सिंगर आणि निकल्सन यांनी 1972 मध्ये या रचनेचे जे चित्र मांडले, त्यात मेद हा वाहता आहे आणि प्रथिने त्यात तरंगत इकडेतिकडे सरकतात, अशी कल्पना होती. ती आजही पायाभूत मानली जाते, पण वनस्पतींपाशी आल्यावर तिला बरीच मुरड घालावी लागते.

मेदाचा वाहतेपणा थंडीत तपासला जातो. तूप थिजते आणि तेल थिजत नाही, कारण तुपातल्या बऱ्याचशा मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात आणि त्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात, तर तेलातल्या शेपट्यांना मध्येच बाक असतो. पटलाचेही तसेच आहे. थंड प्रदेशातल्या अनेक वनस्पती हिवाळ्याची चाहूल लागताच आपल्या पटलातल्या बाकदार शेपट्यांचे प्रमाण वाढवतात. केळीला ही सवय नाही, म्हणून केळी साधारण 13 अंशांच्या खालच्या थंडीत ठेवली, की सालीच्या पेशींमधली पटले बिघडून गळू लागतात आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली द्रव्ये एकत्र येऊन साल काळी पडते. जपानमधल्या नोरिओ मुराता यांच्या गटाने 1992 मध्ये तंबाखूच्या झाडात या शेपट्यांची निवड ठरवणारे एक जनुक घातले. ते भोपळ्याचे असले तर झाड थंडीला अधिक हळवे झाले, आणि मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीचे असले तर अधिक काटक झाले. त्यात बदलला होता तो हरितलवकाच्या पटलातला एक मेद, बाकी झाड तेच.

आता मुरड कुठे घालावी लागते ते पाहू. प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते. वनस्पतीच्या पेशीला ती असते, आणि त्या एका फरकाने पटलाचे सगळे आयुष्य बदलते. टवटवीत पानाच्या पेशीत आतून बाहेर दाब असतो आणि तो सहज पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून अधिक भरतो. नुसते पटल एवढा दाब क्षणभरही सोसणार नाही, कारण ते दोन ते चार टक्क्यांहून अधिक ताणले की फाटते. भिंत हा दाब पेलते आणि पटल तिच्यावर आतून दाबून बसवलेले असते, सायकलच्या टायरमध्ये ट्यूब बसते तसे.

हे दाबून बसणे अकरावीच्या प्रात्यक्षिकात दिसते. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल चिमटीने ओढून काचपट्टीवर ठेवावी आणि तिच्यावर साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणाचे दोन थेंब सोडावेत. सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी भरलेली असते. काही मिनिटांत तो जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग बाजूंवरून मागे सरतो आणि शेवटी रंगहीन चौकटीत एक गोळा उरतो. चौकट म्हणजे भिंत, गोळ्याची कड म्हणजे पटल. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर पाणी सुटते ते याच कारणाने. साल पुन्हा साध्या पाण्यात ठेवली, की गोळा फुगून भिंतीला टेकतो, कारण पटल अजून जिवंत आहे. हीच क्रिया कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यात नीट उजेड लावून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते: आकसलेल्या गोळ्यापासून भिंतीपर्यंत असंख्य बारीक तंतू ताणलेले असतात. कुर्ट हेख्ट याने 1912 मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. तंतू पटलाचेच असतात. पटल भिंतीपासून सुटले तरी ठिकठिकाणी ते तिला धरून राहिलेले असते.

या धरून राहण्याचा परिणाम 2012 मध्ये स्पष्ट झाला. पटलातल्या प्रथिनांना चमकणारा रंग जोडून, लेझरने एका ठिपक्यापुरती ती चमक घालवायची आणि आजूबाजूची चमकती प्रथिने सरकत येऊन तो ठिपका किती वेळात भरतात हे पाहायचे, अशी एक पद्धत आहे. वनस्पतीच्या पेशीत हा ठिपका फार सावकाश भरतो, कित्येक प्रथिनांच्या बाबतीत तर जवळजवळ भरतच नाही. दाट द्रावणाने पटल भिंतीपासून सोडवले, किंवा भिंत कमकुवत केली, की तीच प्रथिने अधिक मोकळेपणाने फिरू लागतात. मला या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. वाहत्या मेदात तरंगणारी प्रथिने हे चित्र खोटे नाही, पण वनस्पतीत ती तरंगणारी वस्ती भिंतीला खुंट्या मारून बांधलेली आहे, आणि म्हणूनच इथे ‘कुठे’ या शब्दाला इतके महत्त्व येते.

मेदांतही वनस्पतींची आपली वेगळी ठेवण आहे. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर वनस्पतींत त्याची जागा सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल आणि कॅम्पेस्टेरॉल अशी तीन-चार भावंडे घेतात. याशिवाय पटलाच्या फक्त बाहेरच्या पदरात, डोक्यावर साखरेच्या रेणूंची माळ असलेले स्फिंगोलिपिड प्रकारचे मोठे मेद असतात, ज्यांना त्यांच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून जीआयपीसी म्हणतात. पेशीपटलाच्या एकूण मेदाचा सुमारे चौथा हिस्सा यांचा असू शकतो, तरी ते बराच काळ दुर्लक्षित राहिले, आणि त्याचे कारण अगदी साधे होते: मेद काढण्याची प्रयोगशाळेतली नेहमीची रसायने यांना विरघळवत नाहीत, त्यामुळे गाळ म्हणून जे फेकले जाई त्यातच ते असत. 2019 मध्ये अरॅबिडॉप्सिसवरच्या अभ्यासात दिसले, की मातीतले सोडियम या मेदांच्या डोक्यांना चिकटते आणि त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडून पेशीला खारेपणाची वर्दी मिळते. जी रोपे हे मेद नीट बनवू शकत नाहीत, त्यांना मीठ वाढल्याचे वेळेवर कळत नाही. पटलाचा बाहेरचा पदर इथे जिभेचे काम करतो.

पटलाच्या दोन बाजूंना विजेचा दाबही सारखा नसतो. वनस्पतीची पेशी एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे सुटे नाणे, खर्च करून हायड्रोजनचे आयन सतत बाहेर ढकलते, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण 120 ते 180 मिलिव्होल्टने ऋण राहते. प्राणी हेच काम सोडियमच्या पंपाने करतात. टॉर्चमधल्या सेलचा हा जेमतेम दहावा हिस्सा झाला, पण काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर तो पेलायचा असतो, आणि पोटॅशियमपासून नायट्रेटपर्यंत बरीचशी आवक याच दाबाच्या आणि बाहेर साठलेल्या आयनांच्या जोरावर होते.

पुढच्या आणि मागच्या दाराचे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण भाताच्या मुळात सापडते. भाताच्या शेतात उघड्या पायांनी हिंडलेल्या माणसाला पातीची धार माहीत असते. ती धार सिलिकाची असते. भात हे सिलिका साठवणारे पीक आहे आणि त्याच्या वाळलेल्या काडापानांत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. ही सगळी सिलिका मातीतल्या पाण्यातून सिलिसिक आम्लाच्या रूपात मुळातून वर आलेली असते. मूळ आडवे कापले तर बाहेरून आत पेशींची अनेक वर्तुळे दिसतात, आणि अगदी मध्ये पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या असतात. पाणी पेशींच्या आतून जाण्याऐवजी भिंतींमधल्या मोकळ्या जागेतून झिरपत थेट मध्यापर्यंत पोहोचू शकले असते, पण वाटेत अंतस्त्वचा नावाचे एक वर्तुळ आडवे येते. रॉबर्ट कॅस्पारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये वर्णन केलेली पट्टी या वर्तुळातल्या पेशींच्या मधल्या भिंतींत असते आणि तिच्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, भिंतींमधल्या सगळ्या फटी बुजवून टाकते. गवंडी फरशांच्या दरजा भरतो तसेच हे काम आहे. दरजा भरल्यावर पाण्याला आणि त्यातल्या द्रव्यांना एकच रस्ता उरतो, तो म्हणजे पेशीच्या पटलातून आत शिरणे आणि पलीकडच्या बाजूने पटलातूनच बाहेर पडणे. भातात अशी दोन वर्तुळे असतात, एक मुळाच्या बाह्यभागात आणि एक आत, आणि त्यांच्या दरम्यान चिखलात तगून राहण्यासाठी लागणाऱ्या हवेच्या पोकळ्या असतात.

जपानमधल्या जिआन फेंग मा यांच्या गटाने सिलिका कमी घेणाऱ्या भाताच्या वाणांवरून 2006 आणि 2007 मध्ये दोन प्रथिने शोधली. पहिले, एलएसआय-1, हे पाणी आत घेणाऱ्या नळीसारख्या प्रथिनांच्या कुटुंबातले आहे आणि सिलिसिक आम्ल नुसते आत येऊ देते. दुसरे, एलएसआय-2, हे हायड्रोजन आयनांच्या जोरावर सिलिसिक आम्ल पेशीतून बाहेर ढकलते. दोन्ही प्रथिने त्याच पेशींमध्ये असतात, दोन्ही वर्तुळांत असतात, पण पहिले फक्त मातीकडच्या तोंडावर आणि दुसरे फक्त जलवाहिन्यांकडच्या तोंडावर. पुढच्या दाराने आत, परसदाराने बाहेर, आणि मधल्या दरजा बंद असल्याने बाहेर ढकललेला माल मागे झिरपण्याची सोय नाही. हीच दोन प्रथिने पेशीच्या सर्व बाजूंना सारखी पसरलेली असती, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखे झाले असते. या व्यवस्थेची एक वाईट बाजूही आहे. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिक हे आर्सेनाइटच्या रूपात असते, त्याचा रेणू सिलिसिक आम्लासारखाच दिसतो, आणि तो याच दोन दारांनी भातात शिरतो. बंगाल आणि बांगलादेशच्या आर्सेनिकग्रस्त भागांतल्या तांदळाचा प्रश्न असा थेट पटलावरच्या दोन दारांपर्यंत येऊन पोहोचतो, आणि खाचरात सिलिका वाढवली की दारात गर्दी होऊन आर्सेनिकची आवक घटते, हेही त्यातूनच समजते.

दारे आपल्या जागा सोडत नाहीत यामागे कॅस्पारीच्या पट्टीचाच हात आहे. पट्टी जिथे बनायची असते तिथल्या पटलात आधी विशिष्ट प्रथिने जमा होतात. ही प्रथिने 2011 मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये ओळखली गेली. ती सुरुवातीला सगळ्या पटलावर विखुरलेली असतात, मग पेशीच्या कमरेभोवती एका बारीक पट्ट्यात गोळा होतात आणि एकदा तिथे बसली, की जवळजवळ हलत नाहीत. त्यानंतर लिग्निन बनवणारी यंत्रणा त्यांच्याभोवती जमते आणि बाहेर भिंतीत पट्टी तयार होते. म्हणजे भिंतीतली दरज कुठे भरायची ते पटल ठरवते. या पट्ट्यापाशी पटल भिंतीला इतके घट्ट चिकटलेले असते, की दाट द्रावणात पेशी आकसली तरी तेवढ्या जागी ते सुटत नाही, आणि मातीकडच्या अंगातली प्रथिने सरकत मध्याकडच्या अंगात जाऊ शकत नाहीत. एकाच पटलाचे कुंपण घालून दोन भाग केले जातात ते असे.

दारे तात्पुरतीही असू शकतात. ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक पेशीबाहेर सोडणारी पिन नावाची प्रथिने बहुधा पेशीच्या एकाच टोकाला असतात आणि त्यांच्या जागेवरून ऑक्झिन कोणत्या दिशेने वाहणार ते ठरते. कुंडी आडवी केली, की मुळाच्या टोकाजवळच्या पेशींत जड पिष्टकण खालच्या बाजूला घरंगळतात आणि थोड्याच वेळात तिथली पिन प्रथिनेही खालच्या तोंडावर जमू लागतात; ऑक्झिन खालच्या अंगाला साचते आणि मूळ जमिनीकडे वळते. ही प्रथिने पटलातून सारखी आत ओढली जातात आणि पुन्हा पटलावर पाठवली जातात, म्हणून त्यांची जागा बदलता येते.

काही गोष्टी मात्र पटलावरून खरोखरच चालत जातात, आणि त्यातली सगळ्यांत मोठी म्हणजे सेल्युलोजचा कारखाना. पटल गोठवून फोडले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की साधारण 25 नॅनोमीटर रुंदीची, सहा पाकळ्यांची फुले दिसतात. प्रत्येक फुलात सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनांचा समूह असतो, तो आतून साखर घेतो आणि बाहेर एकत्र वळलेल्या साखळ्यांचा तंतू सोडतो. 2006 मध्ये जिवंत पेशीत त्यांची चाल प्रथमच पाहता आली. ती मिनिटाला सुमारे 300 नॅनोमीटर भरते. तंतू भिंतीत अडकलेला असल्याने तो लांबत जातो तसा कारखानाच मागे सरकतो, आणि कोणत्या वाटेने सरकायचे ते पटलाखालच्या सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, दाखवतात. कापसाचा एक तंतू म्हणजे बियांच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी, आणि तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोज. विदर्भातल्या बाजारात येणारी कापसाची प्रत्येक गाडी अशा सरकत्या कारखान्यांच्या मालाने भरलेली असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

याहूनही लहान वस्त्या आहेत आणि त्यांच्यावरून बरेच वाद झाले. सायमन्स आणि इकोनेन यांनी 1997 मध्ये अशी कल्पना मांडली, की स्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड एकत्र येऊन पटलात तराफ्यांसारखे घट्ट तुकडे बनवतात. तराफे शोधण्यासाठी पटल थंड डिटर्जंटमध्ये टाकून न विरघळलेला भाग वेगळा करण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिच्यावर आक्षेपही रास्त आला, की असे तुकडे डिटर्जंटमुळेच तयार होत असतील तर? माझ्या मते या पद्धतीवर नको इतका विश्वास टाकला गेला. पुढे जिवंत पेशीत एकेक प्रथिनाचा माग काढता येऊ लागला तेव्हा वस्त्या खऱ्या असल्याचे दिसले. जिवाणूंच्या कशाभिकेचा, म्हणजे पोहण्याच्या शेपटीचा, तुकडा ओळखून बचावाचा इशारा देणारे एक प्रथिन आणि वाढीचे संप्रेरक ओळखणारे दुसरे एक प्रथिन, अशी दोन प्रथिने पुढच्या निरोपासाठी काही सहकारी समाईक वापरतात. निरोपांची गल्लत मात्र होत नाही, आणि 2017 मध्ये दिसले, की ही दोन प्रथिने पटलात वेगवेगळ्या ठिपक्यांत बसतात, सहकाऱ्यांसह.

शेजारच्या घरात उघडणाऱ्या बोळांचा उल्लेख सुरुवातीला आला. एडुआर्ड टांगल याने 1879 मध्ये काजऱ्याच्या बीमध्ये ते प्रथम पाहिले, हाच काजरा कोकणातल्या रानांत वाढतो. भिंतीला आरपार गेलेले, 30 ते 50 नॅनोमीटर रुंदीचे हे बोळ आतून पटलानेच मढवलेले असतात, त्यामुळे एका पेशीचे पटल न तुटता दुसऱ्या पेशीचे पटल होते. गरज पडली, की बोळाच्या तोंडाशी भिंतीत कॅलोज नावाचे द्रव्य साठते आणि बोळ आवळला जातो. वनस्पतींचे विषाणू याच बोळांतून पसरतात.

आतापर्यंत पेशीच्या बाहेरच्या सीमेविषयी बोललो, पण पेशीच्या आतही पटले आहेत आणि बीटाचा रंग खरे तर त्यांपैकी एकाच्या पोटात असतो. वाढ झालेल्या पेशीचा ऐंशी-नव्वद टक्के भाग रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो, आणि तिच्याभोवतीच्या पटलाला ह्यूगो द व्ह्रीस याने 1885 मध्ये टोनोप्लास्ट हे नाव दिले. कांदा न चिरता नाकाशी धरला तर डोळे चुरचुरत नाहीत, कारण कांद्यातले गंधकयुक्त द्रव्य पेशीद्रवात असते आणि ते फोडणारे विकर रिक्तिकेत. मध्ये टोनोप्लास्ट असते. सुरी फिरली, की ते फाटते, दोघे भेटतात आणि डोळ्यांत पाणी येते. चिरलेले वांगे काळे पडते तेही अशाच भेटीमुळे.

हरितलवकातले थायलॅकॉइड पटल सूर्यप्रकाश पकडते आणि जागांची वाटणी तिथे फारच काटेकोर आहे. हे पटल काही भागात भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असते आणि चवडींना जोडणारे मोकळे पदर मध्ये असतात. 1980 मध्ये स्वीडनचे बर्टिल अँडरसन आणि ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या जॅन अँडरसन यांनी, आडनावे सारखी असली तरी नात्याचे नसलेल्या या दोघांनी दाखवले, की प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनसमूहांपैकी पाण्याचे विघटन करणारी प्रकाशप्रणाली-2 चवडीच्या आतल्या भागात असते आणि प्रकाशप्रणाली-1 मोकळ्या पदरांत. एटीपी बनवणारे प्रथिनही मोकळ्या भागातच असते, कारण त्याचे डोके पटलाबाहेर इतके वर आलेले असते, की दोन भाकऱ्यांमधल्या फटीत ते मावतच नाही.

थायलॅकॉइडचा मेदही निराळा आहे. पेशीच्या बाकीच्या पटलांत स्फुरद असलेले मेद मुबलक असतात. इथे त्यांच्याऐवजी गॅलॅक्टोज ही साखर डोक्यावर घेतलेले मेद असतात आणि पृथ्वीवर पटलांमध्ये सर्वाधिक आढळणारा मेद हाच गणला जातो. स्फुरदाची मातीत टंचाई असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. कोकणातल्या जांभ्या मातीत तो असूनही मातीलाच घट्ट बांधलेला असतो. एवढे विस्तीर्ण हिरवे पटल साखरेवर भागवण्यात वनस्पतीची मोठी बचत होते, आणि टंचाई फारच वाढली तर हीच युक्ती ती हरितलवकाबाहेर नेते. स्फुरद न मिळालेल्या ओटच्या रोपांत, एरवी हरितलवकात राहणारा दोन गॅलॅक्टोजचा मेद पेशीपटलात येऊन स्फुरदयुक्त मेदांची मोठी जागा घेतो आणि सुटलेला स्फुरद अधिक निकडीच्या कामी लागतो. ही अदलाबदल फक्त आतल्या पदरात होते. मातीकडे तोंड असलेला बाहेरचा पदर, स्टेरॉल आणि जीआयपीसी सांभाळत, होता तसाच राहतो.